बंदराईचा चेहरा

१३ मार्च, होळी

आज सदाला मारलं. होळीसमोर, सगळ्या वाडीदेखत, आणि होळीतली लाकडं सारायला आणलेल्या बांबूंनीच.

तो नारळ घेऊन आला होता. दीड वर्षापासून वाळीत टाकलेला माणूस होळीत नारळ टाकायला येतो म्हणजे मार खायलाच येतो, पण त्याला वाटलं असेल सणाच्या दिवशी कोणी हात उचलणार नाही. त्याचा गुन्हा एवढाच, की दयारामकाकांची आई गेली त्या दिवशी त्यानं होडी सोडली. वाडीत मयत असलं की कोणाचीही होडी सुटत नाही, हा आमच्या कोळीवाड्याचा नियम. सदाचं जाळं समुद्रात खुंटांना लावलेलं होतं, वारा उठला होता, फाटेल म्हणून तो ते काढायला गेला. परत आला तेव्हा चिता अजून धुमसत होती. गावकीनं त्याच संध्याकाळी निकाल दिला. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांची होडी ओढायला हात लावायचा नाही, त्यांच्या दारी लग्न नाही की मयत नाही.

पहिला फटका मानेवर बसला, दुसरा तोंडावर. दात तुटल्याचा आवाज मी ऐकला. त्याची बायको कमळ मध्ये पडली, तिला केसांना धरून बाजूला फेकलं. तिचा खालचा ओठ फाटला. ती उठली. नवऱ्याला काखेत धरून उभी राहिली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. माझ्याही.

आणि मी काय करत होतो? मी उजेड बघत होतो. लिहायला लाज वाटते, पण वही माझी आहे. एका बाजूनं जाळ, दुसऱ्या बाजूला मिट्ट काळोख, आणि मधोमध तो चेहरा. इटलीचा चित्रकार काराव्हाज्जो चारशे वर्षांपूर्वी हेच करायचा. काळोखातून माणसं ओढून काढायचा आणि त्यांच्यावर उजेड फेकून मारायचा. मी त्याची चित्रं शाळेत पोरांना दाखवतो, मुंबईला कलाशाळेत असताना पुस्तकांतून नकलून काढली होती, पण ती कळली आज.

घरी येऊन कागदांमागून कागद काळे केले. विनिता म्हणाली, "सदाला बघायला गेलात का?" म्हटलं, गावकी आहे. ती म्हणाली, "मी जाऊन आले मागच्या दारानं. दोघांनाही टाके पडलेत." मी तिला चित्रं दाखवली. तिनं बघितली नाहीत.

१६ मार्च

दयारामकाका आले होते. ते गावकीचे प्रमुख, आणि माझे चुलत चुलते. माणूस वाईट नाही हेच अवघड आहे. माझ्या बापाला पहिला खांदा यांनी दिला, मला मुंबईला धाडा म्हणून आईच्या मागं लागले तेही हेच.

बंदराईच्या देवळाचा नवा मंडप झालाय. त्याची समुद्राकडची लांबलचक भिंत कोरी आहे. चैत्री पुनवेला पालखी निघते, तोवर मी त्यावर पालखीचं चित्र काढायचं.

"सगली वारी काढ त्यान," काका म्हणाले. "लान-थोर सगली. आपली मानसा भितीवर बगून पोराबालांना बरा वाटल."

"सगळी वाडी?"

"सदाचा घर सोरून. त्याचा एक बी तोंड मना भितीवर नको."

मी हो म्हणालो. भिंत मिळत होती.

२१ मार्च

कामाला लागलो. माणसं खऱ्या मापात काढतोय, पाच-साडेपाच फूट. शाळेत आज हेच शिकवलं. कुर्बे नावाच्या फ्रेंच चित्रकारानं पावणेदोनशे वर्षांपूर्वी आपल्या गावातली एक मयत रंगवली. गावातल्याच कोणाची तरी. पण कापड एवढं मोठं, की तोवर त्या मापात फक्त देव, राजे आणि लढायाच मावायच्या. त्यात यानं खड्ड्याभोवती गावची माणसं उभी केली, लाल नाकांची, सुरकुतलेली. पॅरिसची शहाणी मंडळी खवळली. ही कुरूप माणसं एवढी मोठी कशाला? रक्ताचा थेंब नाही, तलवार नाही, नुसतं माप बदललं आणि आग लागली. याला म्हणतात क्रांती.

संध्याकाळी आमच्याकडेही आग लागली. पालखीचा पुढचा दांडा कोणाच्या खांद्यावर दाखवायचा यावरून दोघे सख्खे भाऊ मंडपातच भिडले. एकानं दुसऱ्याचं नाक फोडलं. ज्याचं फुटलं त्याला मी दांडा दिला. दुसरा मला म्हणाला, "मास्तर, तुजी पन बारी येल." मी हसलो. चित्रापायी नाकं फुटतायत, याहून मोठा मान कुठला?

२५ मार्च

पालखीतल्या देवीचा चेहरा अडलाय. काका म्हणतात मखरातल्यासारखा काढ. गोरी, गोल, मंद हसणारी. तसा हात चालतच नाही. पुसतो, परत काढतो, परत पुसतो. आज ब्रश फेकला तो परांचीवरून खाली एका म्हातारीला लागला.

शाळा सुटल्यावर चौलच्या नाक्यावर थांबलो. वाडीत कोणी कमळची मासळी घेत नाही, म्हणून ती इथं बसते. सुरमई कापत होती. एक गिऱ्हाईक शिळी आहे म्हणालं, तशी हिनं कल्ला उघडून त्याच्या नाकाशी धरला. "हा बग! रगात बग! शिला तुजा बापूस!" हात कोपरापर्यंत लाल, ओठावर टाक्याची चीर, आणि डोळ्यांत तीच होळीची नजर. मी जागच्या जागी थिजलो. हीच बंदराई. कोळ्यांची आई अशीच असणार, मखरातली कशी असेल?

गिऱ्हाईक गेल्यावर सरळ सांगितलं. ती आधी समजलीच नाही. समजल्यावर कोयती खाली ठेवली.

"मास्तर, तुजे पाया परतंय. मना नको त्यान घेव."

म्हटलं, हा तुझाच मान आहे.

"मान नको मना. पुनवेला सदा पालखीम्होरं नारल ठेवनार हाय. काका परत घेतंय बोललेत. होलीला मार खाल्ला, आता पुरे झायला बोलले. आमचे पोरीचा, रचनाचा लगीन ठरलंय, पोऱ्याकरचे सांगतान, गावकीन घेतलाव तरच पोरगी नेव. तवर आमचा नाव कुनाच्या तोंडान येव नको. दगर झालोय आमी. नुसता परून राहतोय."

मी मान हलवली. घाबरलीय बिचारी. दीड वर्ष मुस्कटदाबी झाली की माणसाला स्वतःचा मानही ओळखता येत नाही. कोणीतरी दाखवून द्यावा लागतो.

३० मार्च, पाडवा

काढला. एका बैठकीत, समोर कोणी नसताना. ओठावरच्या चिरेसकट. एकही रेघ चुकली नाही. असं आयुष्यात झालं नव्हतं. आनंदानं रडू आलं, लाज कसली.

वर ताडपत्री टाकून दोऱ्या आवळल्या. काकांना सांगितलं, पालखीच्या दिवशीच उघडू. ते खूश झाले. म्हणाले, सदाचा नारळही त्याच वेळी घेऊ, सगळं एकदम मंगल होईल. मला हसू दाबावं लागलं. सदाचा नारळ हातात घेऊन गावकी वर बघणार, आणि वर सदाचीच बायको! नमस्कार करावा लागेल सगळ्यांना. ज्यानं तिचे केस धरले त्यालाही.

४ एप्रिल

जेवताना विनिताला काराव्हाज्जोची गोष्ट सांगत होतो. चर्चनं त्याला मेरीचा मृत्यू काढायला सांगितला. ह्यानं फळीवर पसरलेली एक मेलेली बाई काढली. पोट फुगलेलं, पाय उघडे. लोक म्हणाले, ही तर बुडून मेलेली बाई आहे. कोणी म्हणालं, वेश्या आहे. पाद्र्यांनी चित्र परत केलं. आज ते जगातल्या मोठ्या चित्रांत गणलं जातं. माणूस स्वतः कसला हिंसक! भांडणात एकाचा जीव घेतला आणि पळत सुटला. पण देव आणि रस्ता यांच्यातली भिंत त्यानं फोडली.

विनिता म्हणाली, "आणि त्या बाईचं?"

"कुठल्या?"

"जिला बघून काढलं. लोक ओळखत होते ना तिला?"

मला माहीत नाही. कुठल्या पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. म्हटलं, मुद्दा तो नाही. ती उठून ताटं घासायला गेली. भांडी जरा जास्तच आपटत होती.

९ एप्रिल

विनिताला ताडपत्रीखाली नेलं. कोणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना.

ती बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, भारावली. मग तिनं वळून माझ्या कानाखाली मारली. लग्नाला नऊ वर्षं झाली, असं कधी झालं नव्हतं. कानात अजून शिट्टी वाजतेय.

"पूस," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता पूस."

म्हटलं, मेलो तरी पुसणार नाही.

"तू नाही रे मरणार. तुझ्या अंगाला कोण हात लावतोय? त्या पोरीचं लग्न मोडेल. सदाला जिवंत सोडायचे नाहीत. कमळनं तुझे पाय धरले होते ना? तिनंच सांगितलं मला."

मी म्हणालो, भीतीतून बोलली ती, मनातून नाही. विनितानं परांचीवरचा पांढऱ्या रंगाचा डबा उचलला. मी तिचं मनगट पिरगाळून डबा काढून घेतला. जोरात पिरगाळलं. वळ उठला. वाईट वाटलं, पण चित्र वाचलं.

१० एप्रिल

विनिताचा राग गेला वाटतं. सकाळी गरम भाकरी, सुका जवळा. परवाच्या पालखीच्या तयारीचं विचारत होती. ताडपत्री कोण उघडणार, दोरी कुठल्या बाजूला बांधता, मंडपाला कुलूप असतं का. रस घेतेय हे बघून बरं वाटलं. माणसाला चांगल्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो. मी तिच्या मनगटाला हळद लावून दिली.

११ एप्रिल

चेहरा नाही.

उद्या पालखी, म्हणून शेवटचा हात फिरवायला सकाळीच गेलो. ताडपत्री नीट बांधलेली. उघडली तर पालखी आहे, मखर आहे, नथीचा अर्धा मोती आहे, आणि चेहऱ्याच्या जागी खड्डा. गिलावा उकरून विटेपर्यंत नेलाय. घावांवर घाव. खाली चुऱ्यात तिच्या डोळ्याचा तुकडा सापडला. तो खिशात घातलाय.

दयाराम. दुसरं कोण? कुठून तरी कुणकुण लागली असणार. रात्री माणसं घातली. मी त्याच्याकडे चाललोय.

१३ एप्रिल, अलिबाग, इस्पितळ

डाव्या हातानं लिहितोय. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलंय.

परांचीचा बांबू उपसून गेलो. काका देवळाच्या पायरीवर हार मोजत बसले होते. वाडी सगळी जमलेली. काही विचारलं नाही. डोक्यात घातला. टाळू फुटली, रक्त कपाळावरून झेंडूच्या हारांवर. ते "निकेत, काय रं?" एवढंच म्हणाले. दुसरा मारणार तोवर त्यांच्या पोरांनी वल्ह्यानं माझा हात मोडला. खाली पाडून लाथा घातल्या. बरगड्यांतून कळ येतेय.

आणि खाली पडल्या-पडल्या मी ओरडलो. कमळचा चेहरा होता तो! तुम्ही वाळीत टाकलंत, मी तिला आई केली! फोडा, किती फोडाल!

सगळे एकदम गप्प झाले. कोणालाच काही कळत नसल्यासारखे. मला वाटलं, शरमले.

१४ एप्रिल

पोलिसांना सगळं सांगितलं. वाळीत टाकणं, होळीचा मार, देवीचा चेहरा फोडणं. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे, गुन्हा नोंदवला. पेपरवाला येऊन फोटो घेऊन गेला, प्लास्टरसकट. मुंबईच्या एका संस्थेचा फोन आला, येऊन बोला म्हणाले, विषय तुम्हीच ठरवा. गोया नावाच्या स्पॅनिश चित्रकाराच्या एका चित्रात गोळी घालणाऱ्या शिपायांना तोंडं नाहीत, मरणाऱ्याला आहे. तिथून सुरुवात करावी म्हणतो. दुखतंय खूप, पण आत कुठंतरी ताठ वाटतंय.

विनिता अजून आली नाही.

१८ एप्रिल

विनिता आली. खुर्चीवर बसली नाही.

सदाची होडी जाळली. मी ओरडलो त्याच दुपारी. तो विझवायला गेला, त्याच्या दोन्ही हातांची कातडी गेली. पालखी निघाली नाही. नारळ घेतला नाही. मुलाकडचे अजून गावकीच्या शब्दासाठी थांबलेत, पण फार दिवस थांबणार नाहीत.

मी म्हटलं, बघ, चेहरा फोडून भागलं नाही त्यांचं.

"त्यांनी नाही फोडला."

"मग कोणी?"

"कमळनं फोडला. मासळीच्या कोयतीनं. मी ताडपत्री वर धरली होती." तिचा आवाज अगदी सपाट होता. "आधी नुसतं बघत बसली. किती बरी दिसतंय गो मी, म्हणाली. मग उकरायला घेतलं. बोटं सोलून निघाली तिची. काम झालं तेव्हा म्हणाली, आता कुनाला काय कलायचा न्हाय. आणि खरंच कोणाला कळलं नव्हतं. काकांना तर ताडपत्रीखाली काय आहे तेही माहीत नव्हतं. तू ओरडून सांगितलंस."

उलटी झाली मला. तिनं भांडं पुढं केलं, तोंड पुसलं, आणि गेली.

२२ एप्रिल

काकांचा निरोप विनितानं आणलाय. तक्रार मागं घ्यायची, आणि तो चेहरा कमळचा नव्हता हे मी माझ्या तोंडानं पोलिसांत सांगायचं. मग गावकी सदाचा नारळ घेईल. होडी चुलीच्या ठिणगीनं पेटली असं सदा सांगणार आहे. त्यांचं सगळं ठरलंय. फक्त माझं ठरायचंय.

दिवसभर शिव्या घालतोय. गावकीला, काकांना, त्या पोरांना. गुन्हेगार मोकळे सुटणार आणि मी त्यांना सोडवायचं! सदाचे हात जळले ते कोणाच्या नावावर? मुंबईवाल्यांचा परत फोन आला, माझ्या भाषणाची पत्रिका छापायला गेलीय. तिथं उभं राहून खरं बोलायचं, की इथं येऊन खोटं? आयुष्यात एकदाच चित्रकार झालो होतो. तेवढं एक काम मी केलंच नाही असं सांगू?

रचनाला मी सहावीपर्यंत चित्रकला शिकवलीय. तिला झाडं चांगली जमायची.

२४ एप्रिल

गेलो पोलीस ठाण्यात.

काका आले होते, डोक्याला पट्टी. मागं सदा, हात फडक्यांत गुंडाळून पोटाशी धरलेले. कमळ बाकावर. तिच्या उजव्या हाताची बोटं काळीनिळी होती.

साहेबांनी विचारलं, "वाळीत टाकलं होतं का यांना?" सदा म्हणाला, "न्हाय साहेब. आमचे वारीन तसला काय न्हाय." कमळनं मान हलवली. तिच्या ओठावरची ती चीर भरत आलीय.

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही लिहून दिलंय, देवीचा चेहरा या बाईंचा होता."

"नाही," मी म्हणालो. "कोणाचाच नव्हता. मनानं काढला होता. मार लागल्यावर काहीतरी बरळलो."

"मग फोडला कोणी?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. हे त्यांच्या निरोपात नव्हतं. कमळची नखं पदरात रुतली.

"मीच फोडला साहेब. जमला नव्हता."

साहेबांनी लिहून घेतलं. सही डाव्या हातानं केली, वेडीवाकडी. काका उठले, कमळला म्हणाले, "चल गो, नारलाचा बगू." एका बाईला दीड वर्षानंतर गावकीनं 'चल गो' म्हटलं. ती उठली, पदर डोक्यावरून सारखा केला, नवऱ्याला कोपराला धरून त्यांच्यामागं बाहेर पडली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही. 

खोटं बोललो. जमला होता तो चेहरा.